चुंबक जिथे चिकटत नाही

जुनी मोटार विकत घ्यायला निघालेला जाणता माणूस खिशात एक लहानसे चुंबक ठेवतो. दारावर, मडगार्डवर, चाकांवरच्या कमानीवर ते टेकवून पाहायचे. घट्ट बसले तर पत्रा शाबूत. घसरले तर रंगाखाली लांबी भरलेली, म्हणजे गाडी कधीतरी ठोकलेली किंवा गंजलेली. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या अंगावर मात्र हे चुंबक कुठेही टेकवा, ते सरळ खाली पडते. बॉनेट घ्या, दार घ्या, मागची बाजू घ्या, उत्तर एकच. या गाडीच्या अंगावर पत्राच नाही. ती फायबरग्लासची आहे, आणि तिचा जुना रंग उतरवायला बसलेल्या माणसाला पत्र्यावर कमावलेली बरीचशी विद्या बाजूला ठेवावी लागते.

जानेवारी १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचे ‘मोटोरामा’ प्रदर्शन भरले. हार्ली अर्ल यांच्या कल्पनेतून उतरलेली ही दोन आसनी गाडी तिथे लोकांनी पहिल्यांदा पाहिली. ती इतकी आवडली, की त्याच वर्षी ३० जूनला मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात तिचे उत्पादन सुरू झाले. पत्र्याचे भाग ठोकून काढायचे तर त्यासाठी लागणारे पोलादी ठसे महाग पडतात आणि तयार व्हायला वेळ खातात. फायबरग्लासचे साचे त्या मानाने स्वस्तात आणि लवकर होत. ओहायोतल्या अॅश्टाब्युला गावच्या ‘मोल्डेड फायबर ग्लास’ कंपनीने भाग पुरवले. पहिल्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या बनल्या. सगळ्या एकाच ‘पोलो व्हाइट’ रंगाच्या, आतली बैठक लाल.

त्यांपैकी कितीतरी गाड्या आणि त्यांच्या मागून आलेल्या हजारो कॉर्व्हेट पुढच्या सत्तर वर्षांत पुन्हा पुन्हा रंगवल्या गेल्या. मालक बदलला की आवड बदलते. पांढऱ्यावर निळा, निळ्यावर लाल, त्यावर सत्तरीच्या दशकातला चमचमता सोनेरी. कधी ना कधी अशी वेळ येते, की आणखी एक थर पेलण्याची ताकद खालच्या थरांत उरत नाही. मग ते सगळे उतरवण्यावाचून गत्यंतर नसते.

फायबरग्लास म्हणजे काचेचे केसासारखे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. जुन्या गाड्यांत हे रेझिन बहुधा पॉलिस्टर जातीचे असे. काच ताण सोसते, रेझिन आकार धरते. गोम रेझिनमध्ये आहे. रंगाला चिकटपणा आणि तकाकी देणारा त्याचा मूळ घटकही एक प्रकारचे रेझिनच. म्हणजे रंग आणि अंग एकाच कुळातले. लोखंडावरच्या रंगाला विरघळवणारे जहाल रसायन लोखंडाला हात लावत नाही, कारण दोघांची जात वेगळी. इथे मात्र जे रंग खाते ते अंगही खाऊ शकते. पत्र्यावर काम करताना चकाकता धातू दिसला की हात आपोआप थांबतो. फायबरवर तशी खूण मिळत नाही. थांबायचे कुठे, हाच या कामातला अवघड प्रश्न आहे.

म्हणून जाणकार कारागीर पहिल्या दिवशी काहीच उतरवत नाही, आधी गाडी वाचतो. दाराच्या कडेला किंवा बॉनेटच्या आत, सहज दिसणार नाही अशी जागा निवडून तो बारीक पॉलिश पेपरने रुपयाएवढा गोल घासतो. मधोमध खोल आणि कडेला उथळ असा तो गोल झाला, की झाडाच्या बुंध्यावरच्या वलयांसारखे सगळे थर एकामागोमाग उमटतात: वरचा लाल, त्याखाली करड्या अस्तराची कडी, मग निळा, पुन्हा अस्तर, आणि तळाशी कारखान्यातला मूळ रंग. गाडीची ही कुंडलीच. तिच्यावरून थर किती ते कळते आणि त्यांची जाडीही ताडता येते. पत्र्याच्या गाडीवर रंगाची जाडी मोजणारे साधे यंत्र चुंबकत्वावर किंवा विद्युत प्रवाहावर चालते. फायबरवर तेही मुके. तिथे ध्वनिलहरींवर चालणारे, बरेच महागडे यंत्र लागते, किंवा हा घासलेला गोल.

थर मोजून झाले, की त्यांची जात ओळखायची. जुना लॅकर आणि नंतरचे रंग यांत रसायनाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९२३मध्ये ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर चढला आणि मोटारींच्या रंगकामाचा नूर बदलला. तोवर वॉर्निशचे थर वाळायला आठवडे लागत. लॅकर काही तासांत वाळू लागला. त्याचे वाळणे म्हणजे फक्त त्यातला द्रव उडून जाणे. रेणू एकमेकांशेजारी पडून राहतात, गाठ मारत नाहीत. म्हणून पन्नास वर्षांनीही थिनरमध्ये बुडवलेला बोळा फिरवला, की लॅकर पुन्हा विरघळतो आणि बोळ्याला रंग लागतो. सुरुवातीच्या कॉर्व्हेट अशाच लॅकरने रंगवलेल्या होत्या. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस नायट्रोसेल्युलोजची जागा अॅक्रिलिक लॅकरने घेतली. १९८१मध्ये उत्पादन केंटकीतल्या बोलिंग ग्रीन शहरी गेले, तेव्हा लॅकर मागे पडून खाली रंग आणि वर पारदर्शक थर अशी पद्धत आली. दोन भाग एकत्र करून लावायच्या आजच्या रंगांत रेणूंची एकमेकांशी पक्की जाळी विणली जाते. ती एकदा विणली, की थिनरला दाद देत नाही.

जुन्याच्या अंगावर नवे का चढवू नये, याचे उत्तरही यातच आहे. लॅकर वर्षानुवर्षे कडक आणि ठिसूळ होत जातो. फायबरचे अंग ऊन-थंडीत प्रसरण-आकुंचन पावते, रस्त्यावर किंचित वाकतेही. त्याच्याबरोबर हलायची लवचीकता जाड लॅकरमध्ये उरलेली नसते आणि तो दुष्काळातल्या तळ्याच्या गाळासारखा भेगाळतो. अशा पृष्ठावर नवा रंग फवारला, तर त्यातला द्रव भेगांत मुरतो आणि खालचा लॅकर फुगवतो. पहिले काही दिवस गाडी आरशासारखी चमकते. मग उन्हात त्याच भेगा नव्या रंगातून वर येतात, अगदी त्याच नकाशाने.

आता उतरवायचे कसे? सगळ्यात जुने आणि अजूनही मानाचे हत्यार अगदी क्षुल्लक वाटावे असे आहे: एका बाजूला धार असलेले दाढीचे ब्लेड. ते अगदी निजल्या कोनात धरून पुढे सारले, की ठिसूळ झालेला लॅकर खोबऱ्याच्या किसासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. ब्लेडचे टोकदार कोपरे आधी दगडावर घासून बोथट करतात, नाहीतर ते फायबरमध्ये रुतून ओरखडा पाडतात. बोथट झालेले पाते लगेच फेकून नवे घ्यायचे. एका गाडीला पात्यांची खोकीच्या खोकी लागतात. वेळ खाणारे आणि मनगट दुखवणारे हे काम, पण त्याचा मोठा गुण म्हणजे त्यात रसायन नाही, उष्णता नाही, आणि हाताला दर घडीला कळत असते की पाते रंगातून चालले आहे की त्याखालच्या अस्तराला भिडले आहे. आवाजही बदलतो. मात्र ही युक्ती जाड, ठिसूळ लॅकरवरच चालते. नव्या जाळीदार रंगावर पाते नुसते घसरत राहते.

तिथे पॉलिश पेपर येतो. गोल फिरता फिरता थरथरणारी घासणी आणि तिला लावलेला ८० नंबरचा कागद जाड थर भराभर खाली आणतो. मूळ अस्तर दिसू लागले, की १८० किंवा त्याहून बारीक कागद आणि हातातली लांब, सपाट पट्टी. कारागिराची नजर या वेळी उडणाऱ्या भुकटीवर असते. लाल भुकटी करडी झाली म्हणजे अस्तर आले, करडी फिकट होऊ लागली म्हणजे रेझिन आले. त्यापुढे आणखी चार फेरे मारले तर पृष्ठावर बारीक केस उभे राहतात. ते काचेचे तंतू. एकदा ते कापले गेले, की त्यांची टोके नव्या रंगाखालून डोके वर काढत राहतात. मग त्या जागी पुन्हा रेझिन आणि तलम काचजाळी चढवावी लागते.

ही भुकटी छातीत जाऊ देण्यासारखी नाही. काचेचे कण कातडी आणि घसा खाजवतात. शिवाय जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत शिशाची संयुगे सर्रास वापरत. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बारीक कण अडवणारा मास्क हवा, आणि कोरडे झाडण्याऐवजी भुकटी यंत्राने ओढून घ्यायला हवी.

रसायनाचा मोह सगळ्यांनाच होतो. ब्रशने लावायचे, थोडा वेळ थांबायचे, रंगाला फोड आले की खरवडून टाकायचे. जुन्या रंगनाशकांचा राजा म्हणजे डायक्लोरोमीथेन. त्याचे चिमुकले रेणू रंगात झटकन शिरतात, त्याला फुगवतात आणि खालच्या पृष्ठापासून सोडवतात. पॉलिस्टर रेझिनमध्येही ते तितक्याच आनंदाने शिरतात. रंग सुटून आला तरी त्याखालचे अंग मऊ पडलेले असते, आणि मुरलेले रसायन पुढे नव्या रंगाखाली फोड आणते. माणसालाही ते घातक. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद जागेत तळाशी साचते, आणि शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइड बनते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१९मध्ये घरगुती ग्राहकांना अशी रंगनाशके विकायला बंदी केली आणि २०२४मध्ये ती बंदी इतर बहुतेक वापरांपर्यंत वाढवली.

फायबरसाठी सौम्य रंगनाशके मिळतात. त्यांतली काही बेन्झिल अल्कोहोलवर चालतात. ती सावकाश काम करतात, आणि इथे सावकाशपणाच उपयोगी पडतो. तरी पथ्ये आहेतच. एका वेळी एकच भाग घ्यायचा. भागांचे सांधे, भेगा आणि जुन्या दुरुस्तीच्या जागा चिकटपट्टीने आधी झाकायच्या. शेवटचा थर रसायनाने न काढता अस्तर शाबूत ठेवायचे आणि ते पेपरने उतरवायचे. नंतर भरपूर धुऊन गाडी बरेच दिवस वाळू द्यायची. घाई असलेला माणूस हाच भाग गाळतो, आणि चार-सहा महिन्यांनी फोड मोजत बसतो.

वाळूचा फवारा मारून रंग उडवण्याची पद्धत पोलादी सांगाड्याला उत्तम, पण फायबरची ती चाळण करते. वाळूतले क्वार्ट्झ काचेपेक्षाही कठीण असते. त्याऐवजी मऊ कण वापरले तर? या विचाराची एक गाजलेली कसोटी मोटारीवर नव्हे, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावर झाली. १९८६च्या शताब्दीसाठी न्यूयॉर्कच्या त्या पुतळ्याची दुरुस्ती चालू होती. त्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाड. आतल्या बाजूने वर्षानुवर्षे चढवलेले रंगाचे थर द्रवरूप नायट्रोजनने गोठवून पाडले, पण त्याखाली डांबर उरले. तांब्याला न ओरबाडता ते काढायचे होते. उत्तर सापडले स्वयंपाकघरात: खाण्याचा सोडा. हवेच्या दाबाने सोड्याचे कण मारले, की ते आदळून स्वतः फुटतात, डांबर घेऊन जातात आणि तांबे तसेच राहते. पुढे हीच युक्ती मोटारींच्या कामात उतरली.

फायबरवर सोडा चालतो, पण हात बसलेला हवा. नळी एका जागी क्षणभर रेंगाळली, की पृष्ठातल्या सूक्ष्म पोकळ्या उघड्या पडतात. शिवाय सोड्याची भुकटी सांध्यासांध्यांत बसते आणि नीट धुतली गेली नाही तर नवा रंग धरत नाही. १९६३पासूनच्या जुन्या कॉर्व्हेटमध्ये समोरच्या काचेभोवती पोलादी सांगाडा असतो. त्याला अमेरिकेतले लोक ‘बर्डकेज’, म्हणजे पक्ष्याचा पिंजरा म्हणतात. अंग फायबरचे असले तरी हा पिंजरा गंजतो, आणि धुण्याचे पाणी त्यात साचून राहिले तर रंगाच्या नादात गंजाला आमंत्रण मिळते. प्लॅस्टिकच्या कणांचा फवारा हा आणखी एक मार्ग. विमानांच्या पातळ अंगावरचा रंग काढायला तो रुळला आणि तिथून गॅरेजात आला.

उष्ण हवेच्या बंदुकीबद्दल मात्र फार बोलण्यासारखे नाही. कित्येक साध्या पॉलिस्टर रेझिनचा ताठपणा शंभर अंशांच्या आतच ढळू लागतो, आणि बंदुकीतून येणारी हवा त्याच्या कितीतरी पट गरम असते. रंग सुटेपर्यंत अंगाने आकार सोडलेला असतो.

आता पुन्हा त्या मूळ प्रश्नाकडे. थांबायची रेषा सगळ्या फायबर गाड्यांत एका ठिकाणी नसते, ती गाडीच्या जन्मावर ठरते. इंग्लंडच्या लोटस कंपनीने १९५७मध्ये मांडलेल्या एलीट गाडीचा तर मूळ सांगाडाच फायबरचा होता. १९६२च्या एलानमध्ये पोलादी कण्यावर फायबरचे अंग बसवले होते. असे अंग उघड्या साच्यात हाताने घडवतात. साच्याला आधी मेण, मग रेझिनचा एक दाट, गुळगुळीत थर. तो जेल कोट. त्यावर काचेची चटई आणि रेझिन. साच्यातून बाहेर काढल्यावर जेल कोट दर्शनी बाजूला येतो. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा हा थर तंतूंचे कवच असतो. लोटसचा रंग उतरवणाऱ्याने जेल कोटपाशी थांबायचे, तो पार करायचा नाही.

कॉर्व्हेटच्या बाबतीत हा नियम लावायला गेलात तर फसाल. तिचे भाग लवकरच दोन बाजूंच्या धातूच्या साच्यांत दाबून बनू लागले. दोन्ही बाजू गुळगुळीत निघत, त्यामुळे जेल कोट नसेच. कारखान्यातले अस्तर सरळ फायबरवर. म्हणजे अस्तर संपले की तंतू जवळ आलेच. सत्तरीच्या दशकात आणखी एक पद्धत आली. रेझिन, तुकडे केलेले काचतंतू आणि खडूची भुकटी यांची कणकेसारखी लादी करून ती तापल्या साच्यात दाबायची. साच्याला चिकटू नये म्हणून त्या मिश्रणातच मेणचट पदार्थ घातलेला असे. त्यामुळे या लादीच्या भागांवर साधे पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही. दुरुस्तीला इपॉक्सी किंवा त्यासाठीच बनवलेला चिकटा लागतो. म्हणून कॉर्व्हेटवर काम करणारा प्रथम गाडीचे साल विचारतो.

सगळा रंग उतरला, की गाडी खरे बोलू लागते. अपघातात तुटून पुन्हा जोडलेला कोपरा, त्यावर चोपडलेली लांबी, बिजागरीच्या स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या भेगा, सगळे उघडे पडते. चुंबकाने जे कळत नव्हते ते कारागीर आता नाण्याने टकटक करून ऐकतो. भरीव अंगाचा आवाज खणखणीत, आतून सुटलेल्या थराचा बद्द. भेग नुसती बुजवून चालत नाही. ती इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात खोल कोरायची आणि काचचटई व रेझिनने भरून काढायची. भागांच्या जोडांच्या रेषाही दिसतात. मडगार्डच्या माथ्यावर दोन भाग आतून पट्टी लावून चिकटवलेले असतात, आणि हा सांधा उन्हात चमकत्या रंगातूनही पुसटसा उमटतो. काही मालक तो कायमचा बुजवून घेतात, काही तो मुद्दाम राखतात. कारखान्यातून निघालेल्या गाडीवरही तो होताच ना!

घासायला सुरुवात करण्यापूर्वीचे एक साधे काम पुष्कळदा विसरले जाते. वर्षानुवर्षे लावलेल्या पॉलिशमधले मेण आणि सिलिकॉन आधी पुसून काढायला हवे. न पुसता घासले, तर कागद तेच सिलिकॉन फायबरमध्ये रगडतो. मग नवा रंग जागोजागी माशाच्या डोळ्यासारखा फाकतो.

भारतातही फायबरच्या मोटारी धावल्या. बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२च्या सुमारास आणलेली ‘डॉल्फिन’ ही इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली, फायबर अंगाची छोटी गाडी. आज त्यांतली एखादी उभी करायची म्हटले तर पत्र्याच्या मिस्त्रीपेक्षा कोकणातल्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा कारागीर जास्त उपयोगी पडेल. साचा, चटई, रेझिन, सगळे त्याच्या रोजच्या हाताखालचे.

एक प्रश्न मात्र ब्लेड हातात घेण्याआधीच विचारायचा: हा रंग उतरवायलाच हवा का? १९७४मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी गाडी मूळ अवस्थेच्या किती जवळ आहे हे बारकाईने तपासते. मूळ लॅकर थोडा उडालेला, थोडा भेगाळलेला असला तरी त्याला मान असतो. आणि तिथल्या सगळ्यात प्रसिद्ध जखमी गाड्यांच्या बाबतीतही हाच निवाडा करावा लागला. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे बोलिंग ग्रीनच्या नॅशनल कॉर्व्हेट म्युझियममध्ये जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात कोसळल्या. त्यांत १९९२मध्ये बनलेली दहा लाखावी गाडी होती. पहिल्या ३०० गाड्यांच्या आठवणीने तीही पांढरी आणि आतून लाल ठेवलेली. ती दुरुस्त करताना तिच्या आतल्या भागांवर कारखान्यातल्या कामगारांनी केलेल्या सह्या जपण्यात आल्या. १९६२ची एक काळी गाडी आणि २००९ची एक निळी अशा आणखी दोन नव्याने उभ्या राहिल्या. उरलेल्या पाच तशाच ठेवायचे ठरले. त्या आजही चेमटलेल्या, ओरबाडलेल्या अंगाने संग्रहालयात मांडलेल्या आहेत. त्यांच्या फाटक्या कडांशी वाकून पाहणाऱ्याला पॉलिश पेपर न लावताच सगळे थर दिसतात: वर रंग, मधे अस्तर, आणि खाली विस्कटलेले काचेचे तंतू.